सकिनाचा रकाना

सकिना आमच्या दवाखान्यात कधी वेळेवर आल्याचं मला आठवत नाही. "पाच मिनिटांत पोचते गं," असं फोनवर सांगायची आणि सकाळची गर्दी ओसरत आली की दारात उगवायची. तोंडात बडीशेप, गळ्यात शिंप्याची टेप, आणि उशीर झाल्याचा चेहऱ्यावर मागमूस नाही. वर मलाच विचारणार, "चहा संपवलात ना सगळा?" अशा बाईने आमच्या कॉम्प्युटरला वेळ मोजायला शिकवावं म्हणजे देवाघरचा विनोदच म्हणायचा.

दोन हजार सालच्या आगेमागेची गोष्ट. जव्हारला एका ट्रस्टचा छोटा दवाखाना होता, तिथे मी सिस्टर होते. मी मूळची पोशेऱ्याची. गावाकडची बोली मला कळते, म्हणून मला नाव-नोंदणीच्या खिडकीत बसवलेलं. ट्रस्टने मुंबईहून कॉम्प्युटर पाठवला आणि यापुढे पेशंटांची नोंद त्यातच करायची असा हुकूम सोडला. पण त्यात घालायचा प्रोग्राम काही पाठवला नाही. म्हणजे जातं दिलं आणि खुंटा स्वतःकडेच ठेवला. तेव्हा कुणीतरी सांगितलं, बाजारपेठेतल्या टेलर मास्तरांची मुलगी ठाण्याला मावशीकडे राहून कॉम्प्युटर शिकून आली आहे, तिला विचारा.

मास्तरांना सकिना एकुलती एक. आई ती लहान असतानाच गेलेली. शाळा सुटली की दुकानात बसून काजं करत, बटणं लावत ती वाढली. गळ्यातली टेप त्या सवयीची. दवाखान्यात टेपचा काही उपयोग नव्हता, पण ती काढायला सांगितली तर म्हणायची, "तुमच्या डॉक्टरांच्या गळ्यात नळी असते, त्यांना कोणी बोलतं का?"

डॉक्टर नाशिककडचे. हाताला गुण, मनाने चांगले, पण तोंड म्हणजे तापलेला तवा. पहिल्याच दिवशी त्यांनी सकिनाला समोर बसवून सांगितलं, "नाव चुकलं तरी चालेल. वय तर इथे सगळ्यांचंच चुकतं. पण दुखणं किती दिवसांचं आहे, तेवढं मला खरं कळलं पाहिजे. तीन दिवसांचा खोकला असेल तर मी गोळ्या देतो. तीन आठवड्यांचा असेल तर थुंकी तपासतो. त्यात गफलत झाली तर माणूस हातचं जातं."

सकिनाने मान हलवली. पंधरवड्यात प्रोग्राम तयार झाला. त्यात 'किती काळापासून' असं लिहून पुढे तीन चौकोन होते, दिवसांचा, तासांचा आणि मिनिटांचा. दिसायला सुबक. ती त्याच्याकडे अशी बघत होती की जणू नवरीचा शालूच शिवलाय.

पहिली ठिणगी डॉक्टरांच्या हातूनच पडली. एका पोराला जुलाब लागून दोन दिवस झाले होते. त्यांनी स्वतः तासांच्या चौकोनात अठ्ठेचाळीस लिहिलं. यंत्र टुंग करून ओरडलं आणि लाल अक्षरात 'चूक' असं दाखवलं. का, तर तास तेवीसच्या वर जाऊच शकत नाहीत, त्यापुढे दिवस लिहायचा! डॉक्टरांनी पुन्हा अठ्ठेचाळीस लिहिलं. पुन्हा टुंग. मग जे काही ते बोलले, ते पेशंटांनी मन लावून ऐकलं.

मला वाटलं, सकिना आता रडणार. ती टेबलाशी आली, पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "माप चुकलं तर दोष अंगाचा नसतो." हे तिच्या वडिलांचं वाक्य. गिऱ्हाईकाला सदरा बसला नाही तर मास्तर कधी "तुम्ही सुटलात" म्हणायचे नाहीत, निमूटपणे उसवायला घ्यायचे. सकिनानेही संध्याकाळी बसून उसवलं. ते टुंग काढलं, 'चूक' हा शब्द काढला. अठ्ठेचाळीस तास म्हणा की दोन दिवस, यंत्राने मुकाट्याने घ्यायचं.

पण खरी अडचण वेगळीच होती. खिडकीत माणूस यायचा, मी विचारायची, "किती दिवसांपासून?" तो म्हणायचा, "लय दिस झालं बाय." आता रकान्याला आकडा हवा आणि माणसाकडे आकडा नाही. मागे रांग वाढतेय. मग मी खोदून विचारायची, "दोन? तीन? चार?" तो माझ्या तोंडाकडे बघून, मला कोणता आकडा आवडेल याचा अंदाज घेऊन "तीन" म्हणायचा. महिनाभरात आमच्या दवाखान्यात सगळा तालुका तीन दिवसांपासून आजारी होता. डॉक्टर पडद्याकडे बघेनासे झाले.

सकिना माझ्यामागे येऊन उभी राहायला लागली, दोन्ही हात पाठीशी बांधून. मास्तरांच्या दुकानात नवं कोणी शिकायला आलं की आधी फक्त बघायचं असा दंडक होता, आणि कात्रीला हात लागू नये म्हणून ते हात मागे बांधायला लावत. सकिना तशीच उभी राहून आठवडाभर ऐकत होती. मला अवघडल्यासारखं व्हायचं. "अगं, खुर्ची तरी घे," म्हटलं तर म्हणायची, "बसलं की ऐकू येत नाही." कुणाचं काही चुकलं तर "चुकलंस" हा शब्द तिच्या तोंडी कधी नसे. "असं का केलंस?" असं विचारायची, आणि खरंच उत्तरासाठी थांबायची. हे थांबणं आम्हाला कोणालाच जमत नसे.

एक दिवस खोडाळ्याकडची म्हातारी आली. धाप लागलेली. मी नेहमीप्रमाणे विचारलं. ती म्हणाली, "दोन बाजार झालं बाय. पयल्या बाजाराला चालत आलू. दुसऱ्या बाजाराला अर्ध्या वाटंत बसलू."

मी रकान्यात दोन लिहिणार, तोच मागून सकिनाने माझा खांदा धरला. "बाजार म्हणजे?"

"आठवड्याचा बाजार गं."

"म्हणजे दोन दिवस नाही, दोन आठवडे?"

आमच्या पोशेऱ्यातसुद्धा सगळं बाजारावरच चालतं. गाय व्यायली त्याला तीन बाजार झाले, पाहुणे पुढच्या बाजारापर्यंत राहणार. मी त्यातच लहानाची मोठी झाले. पण पांढरा गणवेश चढवून खिडकीत बसले की मला दिवसच सुचायचे, बाजार सुचायचे नाहीत.

सकिना सुट्टीच्या दिवशी एकटीच खोडाळ्याच्या बाजाराला गेली. येताना सुकट घेऊन आली आणि तीनही चौकोन मोडून टाकले. त्यांच्या जागी एकच लांब रकाना केला. त्यात जे ऐकू येईल ते तसंच लिहायचं. दोन बाजार, दीड दिवस, अडीच महिने, काहीही. दीड आणि अडीच यंत्राला समजावताना तिचे दोन दिवस गेले. मी म्हटलं, "इंग्रजांकडे अडीच नाही का गं?" तर म्हणाली, "नाही ना. बिचारे दोन आणि अर्धा असं सुटं सुटं मोजतात." रकान्याच्या खाली बारीक अक्षरांत ओळ उमटायची, 'म्हणजे सुमारे चौदा दिवस. बरोबर?' ती ओळ मी मोठ्याने वाचून दाखवायची आणि पेशंटने हो म्हणायचं. पडदाही तिने खिडकीकडे अर्धा वळवून ठेवला. मास्तर माप घेताना आकडा मोठ्याने म्हणायचे, म्हणजे कंबर किती भरली ते गिऱ्हाईकालाही ऐकू जायचं. लपवाछपवी नको.

डॉक्टर पुन्हा पडद्याकडे बघायला लागले. सकिना आठ दिवस छाती पुढे काढून फिरत होती. विनय हा गुण तिच्यात औषधालाही नव्हता. स्वतःच्या विनोदाला सगळ्यांच्या आधी हसायची आणि स्वतःच्या कामाचं कौतुक दुसऱ्याने करायची वाट बघायची नाही.

मग ती वांगणीची बाई आली. भात आवणीचे, म्हणजे लावणीचे दिवस होते, सगळी शेतं पाण्यात. सकाळी नवऱ्याने तिला जीपमधून आणली. तिच्या पायाला साप चावला होता. पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा पडलेला.

"कधी चावलं?" मी विचारलं.

"आताच बाय. आताच जनावर चावलं," नवरा म्हणाला.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. पाय बघून त्यांचा तवा तापलाच. "आताच? वांगणीहून जव्हारला यायला किती वेळ लागतो, मला शिकवतोस? खरं बोल!"

तो डोळे खाली घालून म्हणाला, "आताच सायेब."

डॉक्टर आणखी ओरडले. तो आणखी घट्ट झाला. खरं काय ते कळणं तर भाग होतं. आत्ता चावलं असेल तर वाट बघायला थोडी सवड होती. जुनं असेल तर औषध देत देत तिला नाशिकला पाठवायला हवं होतं.

सकिना खुर्चीवरून उठली आणि नवऱ्याला सोडून बाईच्या उशाशी जाऊन बसली. किती वेळ झाला, कधी झालं, हे तिने विचारलंच नाही. "बाय, चावलं तेव्हा काय करत होतीस?"

"आवणी करत व्हती."

"भाकर खाल्ली होतीस का?"

"नाय. भाकर फडक्यातच व्हती. जावेनं हाक मारली नि मी बांधावर चढली."

"मग घरी कोणी आणली?"

"जावेनं नि ह्यांनी."

"आणि भगताकडे कोण घेऊन गेलं? माझ्या मावशीला विंचू चावला तेव्हा आम्ही पण आधी मौलवींकडेच नेलं होतं."

नवऱ्याने पहिल्यांदा मान वर केली. "मीच नेलं," तो म्हणाला. "त्यानं पाला बांधला. रातभर ठेवलं. सकाळी बोलला, आता दवाखान्यात ने."

म्हणजे काल दुपारच्या जेवणाआधीची गोष्ट. डॉक्टरांनी पुढे काही बोलण्यात वेळ घालवला नाही. औषध सुरू झालं, गाडी निघाली. पुढे ती बाई काठी टेकत आम्हाला भेटायला आली आणि नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ देऊन गेली. पण त्या दुपारी गाडी नाशिकच्या रस्त्याला लागल्यावर सकिना डॉक्टरांच्या खोलीत शिरली, दार उघडंच ठेवलं, आणि म्हणाली, "तुम्ही ओरडता, म्हणून माझा रकाना खोटं बोलतो."

मी बाहेर गोळ्यांचे डबे लावत होते, माझा हात थांबला. आता सकिनाची नोकरी जाणार, मी मनात म्हटलं. डॉक्टरांनी गळ्यातली नळी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "मग मी काय करू?"

"तुम्ही काही करू नका. किती वेळ झाला हे विचारायचंच नाही आपण. ज्याला उशीर झालाय, त्याला तो प्रश्न शिवीसारखा लागतो. तो कमीच सांगणार. सुरू झालं तेव्हा काय चाललं होतं, ते विचारू. ते सांगायला कोणाला लाज वाटत नाही. वजाबाकी यंत्र करेल, त्याला कुठे लाज आहे?"

त्यानंतर रकान्याच्या वरचा प्रश्न बदलला. 'सुरू झालं तेव्हा काय चाललं होतं?' आणि त्याखाली आमच्याकडच्या खुणा. गुरं सोडायची वेळ, शाळेची घंटा, मुक्कामाची एसटी गेली तेव्हा, आवणी, नागलीची कापणी, होळी, दिवाळी, ईद. खूण निवडली की खाली ओळ उमटायची, 'म्हणजे सुमारे इतके दिवस. बरोबर?' प्रत्येक खूण सकिनाने पेशंटांना विचारून विचारून घातलेली. होळीवरून आमचं भांडणही झालं. मी म्हणत होते, होळी एक दिवसाची. ती म्हणत होती, मोखाड्याकडे होळी आठ दिवस उतरत नाही. शेवटी तिचंच खरं ठरलं, कारण पेशंट तिच्या बाजूने बोलले.

वर्षभराने ट्रस्टच्या मुंबई ऑफिसातले कॉम्प्युटरचे साहेब पाहणीला आले. इस्त्रीचे कपडे, हातात बाटलीतलं पाणी. रकाना बघून ते हसले. "बाजार? हे काय वेळेचं माप झालं? आम्हाला तिकडे नीट आकडे लागतात."

सकिना म्हणाली, "साहेब, महिना चालतो ना तुम्हाला?"

"अर्थात."

"कितीचा असतो? तीसचा, एकतीसचा, की अठ्ठावीसचा? आमचा बाजार दर वेळी सातव्या दिवशीच भरतो."

डॉक्टर एवढ्या मोठ्याने हसले की त्यांना ठसका लागला. साहेबही भले माणूस असावेत, कारण तेही हसले आणि मग खुर्ची ओढून खरंच बसले. आत यंत्र सगळ्याचे दिवसच करून ठेवतं, हे तिने त्यांना दाखवलं. माणसाने त्याच्या भाषेत सांगायचं, यंत्राने यंत्राच्या भाषेत ठेवायचं, मधला हिशेब माणसावर टाकायचा नाही. जाताना त्यांनी तिचा पत्ता घेतला. पुढे त्यांच्या ओळखीने तिला ठाण्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं.

ती जायला तयार नव्हती. "अब्बांना कोण बघणार?" हे एकच पालुपद. मास्तर हट्टाला पेटले. मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही समजवा हिला. मी काय लहान पोरगा आहे? आणि तिथं तिच्या हुनराला किंमत आहे." शेवटी ती गेली. दुकानात फोन होता. ती रोज संध्याकाळी फोन करायची आणि मास्तर मशीनवरचा पाय न थांबवता बोलायचे, असं आजूबाजूचे दुकानदार सांगत.

आता पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकते. मास्तर टीबीची औषधं पुरी करून बरे झाले आणि पुढे बरीच वर्षं जगले. उगाच कोणाच्या जिवाला घोर नको.

ती गेल्यानंतर दोन वर्षांनी, दिवाळी होऊन गेल्यावर, सकिना मास्तरांना घेऊन दवाखान्यात आली. न कळवता सुट्टीवर आली होती आणि दुकानात पाऊल टाकताच तिने त्यांना खोकताना ऐकलं होतं. अंगात चांगला सलवार-कमीज, खांद्याला ऑफिसची पर्स. मास्तर मात्र मला ओळखूच आले नाहीत, सदऱ्यात नुसती हाडं राहिली होती. बाजारपेठ दवाखान्यापासून हाकेवर, पण कामाच्या रगाड्यात मी कित्येक महिने तिकडे फिरकलेच नव्हते, आणि मास्तर आपण होऊन येणाऱ्यातले नव्हते.

"काही नाही गं सुमन," सकिना खिडकीत कोपर टेकून म्हणाली, "परवापासून खोकला आहे. धूळ बसली असेल. मी रोज फोनवर विचारते ना. पण म्हटलं, दाखवून टाकावं."

मी नाव लिहिलं, वय लिहिलं. पडद्यावर तिचाच प्रश्न आला. तो मी मास्तरांना वाचून दाखवला. "मास्तर, खोकला सुरू झाला तेव्हा काय चाललं होतं?"

त्यांनी मुलीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "गणवेश चालले होते."

"दिवाळीचे कपडे म्हणायचंय त्यांना," सकिना म्हणाली.

"नाही. शाळेचे गणवेश."

शाळेचे गणवेश शिवायचे म्हणजे जूनची सुरुवात. मी रकान्यात जून लिहिलं. खाली ओळ उमटली. ती मी मोठ्याने वाचली नाही, पण पडदा खिडकीकडे वळवलेला होता. 'म्हणजे सुमारे पाच महिने. बरोबर?'

सकिनाने ती वाचली. पुन्हा वाचली. मग वडिलांकडे वळली. "मी रोज विचारत होते अब्बा. किती दिवस झाले, किती दिवस झाले, रोज विचारत होते."

"हां बेटा," मास्तर म्हणाले. "तू किती दिवस विचारायचीस, मी दोन म्हणायचो. मध्ये बरा झाला म्हणायचो, मग पुन्हा दोन. पाच महिने म्हटलं असतं तर तू नोकरी टाकून आली असतीस."

प्रत्येकाला काहीतरी उलटं उत्तर देणारी बाई ती. त्या दिवशी ती बाकावर मास्तरांना लागून बसली, पर्स खाली ठेवली, त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. मग अगदी हळू आवाजात विचारायला लागली. गणवेश किती शाळांचे होते? कापड कोणी आणून दिलं? तेव्हा जेवण कोण करून देत होतं? पायमशीन मारताना पहिल्यांदा धाप कधी लागली, तेव्हा समोर गिऱ्हाईक कोण होतं? प्रत्येक प्रश्नानंतर थांबत होती. मास्तर आधी एकेका शब्दात बोलत होते, मग हळूहळू वाक्यं यायला लागली. मग त्यांचे डोळे भरले, तरी बोलत राहिले.

आतून डॉक्टरांनी नाव पुकारलं. मी हातानेच त्यांना थांबायची खूण केली. मास्तर अजून सांगत होते.